दहा आण्यांचा फरक: एक गुडघा, एक दमा आणि काही सुया

आमच्याकडे दुखणं आण्यांत मोजतात. मोठ्या दवाखान्यांत शून्य ते दहाची पट्टी पुढे करतात. ती इकडच्या बायाबापड्यांना दाखवली की ते पट्टीऐवजी माझ्या तोंडाकडे बघतात. पण "रुपयात किती आणे फरक पडला?" असं विचारलं की उत्तर तयार असतं, आणि महिन्याभरानं विचारलं तरी हिशेब जुळतो. ज्या पोरांनी आणा कधी डोळ्यांनी पाहिला नाही, तीही "चार आणे राहिलंय डॉक्टर" म्हणतात.

आक्का त्या वर्षी मे महिन्यात आल्या तेव्हा म्हणाल्या, "गुडगा अठरा आणे दुखायलाय."

हे प्रकरण त्यांचंच आहे. लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे. गाव सांगत नाही, धारूर तालुक्यातलं आहे एवढं पुरे. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत, पण दुखण्याला आणि मीटरच्या आकड्यांना हात लावलेला नाही.

रुग्ण

वय पंचावन्नच्या आगेमागे, अंगानं काटक, वजन बेताचं. लग्न झाल्यापासून बहुतेक हंगाम ऊसतोडीत गेले. दसरा झाला की टोळी निघायची, कधी सांगलीकडे, कधी बेळगावच्या पट्ट्यात, आणि पाडव्याच्या आसपास गावी परत. बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी एवढंच सांगतो: नवराबायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, ती डोक्यावर घेते आणि गाडीला टेकवलेल्या अरुंद फळीवरून चढून वर टाकते. दिवसाला किती खेपा होतात ते कुणी मोजत नाही. गुडघा मात्र मोजत असावा.

फोटो काढला तेव्हा दोन्ही गुडघ्यांतली फट आतल्या बाजूला जवळजवळ मिटलेली दिसली. गावभाषेत याला 'वंगण संपलं' म्हणतात आणि ते फार चुकीचंही नाही. त्यावर त्या वर्षानुवर्षं डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी खात होत्या. मेडिकलवरून पान आणायचं आणि मुकादमाकडून उचल मिळाली की दोन पानं जास्त घ्यायची, अशी पद्धत. रक्तदाब वाढलेला होता. क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तातली खूण) अजून हद्दीत होतं, पण हद्दीच्या दगडापाशी.

दुसरा आजार दमा, दहाबारा वर्षांचा. चूल, कोपीतला, म्हणजे फडावरच्या झोपडीतला धूर, पाचट पेटवल्यावरचा धूर, सगळं त्याच्या बाजूचं. त्यांना दोन पंप दिलेले होते. एक सकाळ-संध्याकाळ रोज घ्यायचा, श्वासनळीची सूज धरून ठेवणारा. दुसरा निळा, धाप लागली तरच. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांची धाप वाढते, म्हणून त्या बंद व्हाव्यात ही माझी इच्छा जुनीच. पण बंद करून द्यायचं काय? पॅरासिटामॉल दिलं, तर त्यानं 'आणाभर' फरक पडायचा. मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाचा छापील कागदही दिला होता. आक्कांना वाचता येत नाही हे मला चौथ्या भेटीत कळलं.

शिबिर

मे महिन्यातच एका देवळाच्या सभामंडपात दर रविवारी अ‍ॅक्युपंक्चरचं शिबिर सुरू झालं. अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचायच्या, असा हा उपचार. चालवणाऱ्या ताई रीतसर शिकलेल्या. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तिथे त्यांची नोंदणी. पैसे दानपेटीत, ज्याला जमेल तेवढे. भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, हे मराठी माणसाला ठाऊक असतं. पण ते शल्यविशारद होते. सुयांची ही विद्या इकडे आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, १९५८-५९ च्या सुमारास चीनमध्ये जाऊन शिकून. फोटो मात्र कोटणीसांचा लागतो. आपला माणूस ना.

आक्कांनी मला विचारलं, "जाऊ का?" मी हसलो. "जा की, देवदर्शनही होईल," असं काहीतरी बोललो. ते हसणं मला लक्षात राहिलेलं नव्हतं. पुढे त्यांनीच आठवण करून दिली.

सहा रविवार झाले आणि त्या सांगत आल्या की गुडघा आठ आण्यांवर आला. गोळी आठवड्यातून एखादीच. उकिडवं बसता येत नाही, पण देवळाच्या पायऱ्या चढता येतात. मी फोटो पुन्हा काढला नाही, कारण फट काही रुंदावणार नव्हती. पण बाई चालत आली होती, आणि मागच्या खेपेला तिला पोराच्या मोटारसायकलवरून उतरवून आणावं लागलं होतं.

हे दहा आणे कुणाचे?

अठरातून आठ गेले, उरले दहा. ते कुणाच्या खात्यावर जमा करायचे?

पहिला वाटेकरी काळ. हंगाम संपून दोन महिने झाले होते, डोक्यावर मोळी नव्हती. शिवाय दुखणं शिगेला पोचलं की मगच माणूस दवाखान्याची किंवा देवळाची पायरी चढतो, आणि शिगेच्या पुढे बहुतेक उतारच असतो. त्या उतारावर जो कुणी भेटेल, डॉक्टर, भगत, सुईवाली ताई, श्रेय त्याला जातं. माझीही निम्मी कीर्ती या उतारावरची आहे, हे मी नाकारत नाही.

दुसरा वाटेकरी व्यायाम. सुया टोचून पंचवीस मिनिटं आडवं पडायचं असतं. त्या वेळात ताई प्रत्येकीला खाटेवर बसून पाय सरळ ताणायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, असं करून दाखवत. माझ्या कागदावर हेच लिहिलेलं होतं.

तिसरी सुई. आणि चौथा वाटेकरी तो, ज्याला आपण प्लासिबो म्हणून एका शब्दात गुंडाळतो: औषध नसतानाही, नुसत्या उपचार झाल्याच्या भावनेनं पडणारा आराम.

सुई आणि प्लासिबो वेगळे करायचे तर खोटी सुई लागते. गोळीचं सोपं असतं, साखरेची दिली की झालं. सुई टोचली की नाही हे ज्याला टोचायची त्याला कळतं, ही सगळी अडचण. त्यावर संशोधकांनी नाना युक्त्या काढल्या. १९९८ मध्ये जर्मनीच्या श्ट्राइटबर्गर यांनी बोथट टोकाची, मुठीत सरकणारी सुई केली. तमाशातला खंजीर पोटात घुसल्यासारखा दिसतो आणि पातं मुठीत जातं, अगदी तसंच. दुसरी युक्ती म्हणजे सुई खरीच, पण पुस्तकातल्या बिंदूवर न टोचता भलत्याच जागी आणि वरवर टोचायची. तिसरी सगळ्यांत गमतीची. अमेरिकेत २००९ साली चर्किन यांच्या गटानं कंबरदुखीच्या ६३८ रुग्णांवर अभ्यास केला, त्यात एका गटाला सुईच्या नळीतून चक्क दात कोरायची काडी टेकवून फिरवली. काडीवाल्यांना सुईवाल्यांइतकंच बरं वाटलं, आणि दोघांनाही नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त.

आक्कांच्या गुडघ्याला सगळ्यांत जवळचा अभ्यास जर्मनीतला, २००६ चा. गुडघ्याच्या झिजेचे १,००७ रुग्ण, तीन गट. एकाला खरं अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला भलत्या जागी वरवरच्या सुया, तिसऱ्याला डॉक्टरांच्या भेटी आणि वेदनाशामक गोळ्या. सहा महिन्यांनी ठरवलेल्या मापानं किती जणांना फरक पडला? खऱ्या सुयांच्या गटात ५३.१ टक्के, खोट्या सुयांच्या गटात ५१ टक्के, गोळ्यांच्या गटात २९.१ टक्के.

हे आकडे मी ताईंपुढे ठेवले तेव्हा त्यांनी पहिल्या आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं: "बघा, गोळ्यांपेक्षा जवळपास दुप्पट." मी पहिल्या आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं: "बघा, कुठेही टोचा, सारखंच." एकाच ओळीतले आकडे, आणि आम्ही दोघंही खरं बोलत होतो. या विषयावरचे निम्मे वाद असेच असतात. प्रश्न "लागू पडतं का?" एवढाच विचारला जातो, "कशाच्या तुलनेत?" हे कुणी विचारत नाही.

ताईंच्या बाजूनंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१८ मध्ये व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी ३९ अभ्यासांतल्या २०,८२७ रुग्णांची मूळ माहिती एकत्र करून मोजली. त्यात खरी सुई खोटीपेक्षा सरस निघाली. फरक लहान, पण योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा. सुई घेणं आणि न घेणं यांतला फरक मात्र त्याहून बराच मोठा होता. शिवाय भलत्या जागी टोचलेली सुई हीसुद्धा टोचलेली सुईच. तिनंही शरीरात काही होत असेल, म्हणून तिला पूर्ण निष्क्रिय म्हणता येत नाही, हा त्यांचा मुद्दा मी मान्य केला. आणि माझा त्यांना मान्य करावा लागला तो असा: जर्मनीतल्या गोळ्यांच्या गटाला आपल्याला सुया मिळाल्या नाहीत हे माहीत होतं. हिरमुसलेला रुग्ण आपलं दुखणं कमी करून सांगत नाही. म्हणजे तो २९ चा आकडा थोडा खाली ओढला गेलेला असू शकतो.

तरीही माझ्या हिशेबात दहा आण्यांपैकी नेमक्या बिंदूंच्या वाट्याला आणा-दीड आण्याच्या वर येत नाही.

"मनाचे खेळ" म्हणण्याआधी

इथे बहुतेक डॉक्टर थांबतात. बिंदूंचा फरक नगण्य, उरलं ते मनाचे खेळ, पुढचा पेशंट पाठवा. मीही तिथेच थांबायचो.

पण १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला होता. प्लासिबोनं ज्यांची कळ उतरली होती, त्यांना नॅलॉक्सोन दिल्यावर ती पुन्हा वाढली. नॅलॉक्सोन हे अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम मोडणारं औषध आहे. म्हणजे निदान काही प्रमाणात शरीर स्वतःचीच अफू सोडत होतं आणि ती अडवली की आराम नाहीसा होत होता. 'मनाचे खेळ' असतील, पण ते खेळायला शरीरातलंच रसायन लागतं.

आणि मग वेळेचा प्रश्न. २००८ मध्ये टेड कॅप्चक यांच्या गटानं पोटाच्या जुनाट तक्रारीचे, म्हणजे आयबीएसचे २६२ रुग्ण घेतले. एका गटाला नुसतं यादीत नाव लावून ठेवलं. दुसऱ्याला खोट्या सुया दिल्या, पण टोचणारा कामापुरतं बोलायचा, पहिली भेट पाच मिनिटांच्या आत. तिसऱ्याला त्याच खोट्या सुया, पण पहिल्या भेटीत पाऊण तास विचारपूस, आपुलकी, धीर. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. शेवटच्या दोन गटांत खोट्या सुया त्याच होत्या.

बाजाराच्या दिवशी माझ्याकडे सकाळच्या वेळात साठ-सत्तर पेशंट होतात. म्हणजे एकेकाला दोन मिनिटं, त्यातही एक मिनिट चिठ्ठी लिहिण्यात. आक्कांच्या गुडघ्याला ताईंनी पंचवीस मिनिटं हात लावला होता. मी इतक्या वर्षांत मिळून तेवढा वेळ लावला असेल की नाही, कोण जाणे.

ऑक्टोबरमधली रात्र

सोयाबीनची रास चालू होती. मळणी यंत्राच्या तोंडाशी दिवसभर धुराळा आणि रात्री पहिली थंडी. दीडच्या सुमारास आक्कांच्या पोराचा फोन आला. आणलं तेव्हा त्यांना एक वाक्य पुरं बोलता येत नव्हतं. छातीत शिट्टी ऐकू येण्याइतकीही हवा फिरत नव्हती, आणि शिट्टीपेक्षा ती शांतता वाईट. ऑक्सिजन, नेब्युलायझर, शिरेतून स्टेरॉइड. तासाभरानं जरा सैल पडलं तसं अंबाजोगाईला हलवलं. चार दिवसांनी घरी आल्या.

पंप? रोजचा पंप जुलैपासून बंद होता.

झालं होतं असं. तिसऱ्या-चौथ्या रविवारी आक्कांनी ताईंना दम्याचंही सांगितलं. ताईंनी मनगटाजवळ आणि कोपराजवळ सुया टोचल्या. छातीवर त्या टोचत नाहीत आणि ते शहाणपणाचंच आहे. छातीवर सुई खोल गेल्यानं फुप्फुसाला भोक पडल्याची, क्वचित का होईना, नोंद आहे. आक्कांना श्वास मोकळा वाटला. पुढच्या रविवारी आणखी मोकळा. "पंपाची सवय लागती म्हनत्यात, मग कशाला?" पंप बंद करा असं ताईंनी सांगितलं नव्हतं. चालू ठेवा असंही नव्हतं, कारण पंप आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. आणि मला? माझ्याकडे त्या ऑगस्टमध्ये रक्तदाबासाठी येऊन गेल्या होत्या.

"मला सांगायचं ना आक्का."

"तुमी हसला असता."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

श्वास वाटणं आणि श्वास असणं

हा घोटाळा नेमका मापून दाखवणारा अभ्यास २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला आहे. वेक्सलर आणि सहकाऱ्यांचा. कॅप्चक त्यातही होते. दम्याचे ४६ रुग्ण निवडले, ३९ शेवटपर्यंत टिकले. प्रत्येकाला वेगवेगळ्या भेटींत आलटूनपालटून चार गोष्टी मिळाल्या: आपल्याकडच्या निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल, औषध नसलेला पंप, खोटं अ‍ॅक्युपंक्चर, आणि नुसतंच बसवून ठेवणं.

आधी रुग्णांना काय वाटलं ते. खऱ्या पंपानं ५० टक्के सुधारणा, खोट्या पंपानं ४५, खोट्या सुयांनी ४६, नुसतं बसून २१. म्हणजे खरं औषध आणि नाटक यांत रुग्णाला फरक कळला नाही.

मग यंत्राला काय दिसलं ते. एका सेकंदात जोरानं किती हवा बाहेर टाकता येते, त्यात खऱ्या पंपानं सुमारे २० टक्के वाढ. बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्के, आणि नुसतं बसणंही त्याच तिन्हींत आलं.

गुडघ्याच्या बाबतीत वाटणं हीच जवळजवळ सगळी गोष्ट असते. दुखायचं थांबलं, माणूस चालायला लागला, गोळी सुटली, तर त्या दहा आण्यांत खोटं काही नाही. त्यामागे बिंदू होता की आपुलकी, हा माझ्या कुतूहलाचा विषय. आक्कांच्या गुडघ्याचा नव्हे. दम्यात तसं चालत नाही. तिथे नळी सुजलेली राहते आणि माणसाला मोकळं वाटत राहतं. गाडीची टाकी रिकामी होत असताना काटा मात्र भरल्यावर चिकटून बसावा, तशी गत.

जानेवारीतला प्रयोग

हे सगळं आक्कांना आकड्यांत सांगून उपयोग नव्हता. म्हणून ताईंना दवाखान्यात बोलावलं. त्या येतील असं वाटलं नव्हतं, पण ऑक्टोबरचं ऐकून त्याही हादरल्या होत्या. पीक फ्लो मीटर म्हणून प्लॅस्टिकची एक नळी मिळते. जोरात फुंकली की लाल काटा पुढे सरकतो. महाग नसते. आक्कांची तब्येत त्या दिवशी ठीक होती, फक्त सकाळचा पंप मुद्दाम थांबवला होता. शेजारी नेब्युलायझर भरून ठेवला. काय करणार आहोत ते तिघांनाही माहीत होतं.

आधी: धाप आठ आणे. मीटर, तीनदा फुंकून त्यातलं चांगलं, १९०.

सुया टोचून पंचवीस मिनिटांनी: धाप तीन आणे. मीटर १९५.

निळ्या पंपाचे दोन दाब, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून), वर पंधरा मिनिटं: धाप दोन आणे. मीटर २५०.

एक बाई, एक दिवस, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक. याला संशोधन म्हणायची माझी छाती नाही. पण आक्का त्या लाल काट्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हन्जी बरं वाटायलं व्हतं, पर बरं नव्हतं."

ताई काही बोलल्या नाहीत. सुया मोजून डब्यात टाकल्या. त्या एकदाच वापरून टाकायच्या असतात, आणि त्या टाकतातही. मी खात्री करून घेतली. निघताना म्हणाल्या की इथून पुढे दमेकरी आला तर आधी पंप कुठाय ते विचारीन आणि मीटर फुंकायला लावीन. तसं त्या करतात. मीही एक बदल केला. "आणखी कुणाकडे काय चालू आहे?" हा प्रश्न आता चिठ्ठी लिहिण्याआधी विचारतो, आणि विचारताना तोंड सरळ ठेवतो.

काडीची गोष्ट

त्या दिवशी चहा घेताना मी दातकोरणीचा अभ्यास सांगितला. ताईंना राग येईल अशी धास्ती होती. उत्तर आक्कांकडून आलं: "मग काडीच टेकवा की ताई, सुयांचा खर्च तरी वाचंल."

हसू आलं सगळ्यांना. पण त्यात माझा एक जुना समज मोडला. मला वाटायचं की रुग्णाला खरं सांगितलं की प्लासिबोचा फुगा फुटतो, म्हणजे डॉक्टरला खोटं बोलल्याशिवाय तो वापरता येणार नाही, आणि ते नीतीत बसत नाही. कॅप्चक यांच्याच गटानं २०१० मध्ये आयबीएसच्या ८० रुग्णांवर हे करून पाहिलं होतं. एका गटाला सरळ सांगून औषध नसलेल्या गोळ्या दिल्या: यात काही नाही, पण अशा गोळ्यांनी काहींना बरं वाटतं. तीन आठवड्यांनी त्यातल्या ५९ टक्के लोकांनी पुरेसा आराम सांगितला. गोळी न दिलेल्या गटात ३५ टक्के. लहान अभ्यास आहे, आणि आराम हा पुन्हा सांगितलेलाच, मोजलेला नव्हे. तरी आक्कांच्या बोलण्यात मला तोच हिशेब ऐकू आला. बिंदूंवर त्यांचा विश्वास होता असं मला आता वाटत नाही. रविवारी ताई गुडघ्याला हात लावते, हे त्यांना हवं होतं.

गुडघ्यासाठी सुया चालू ठेवाव्यात का, यावर माझं मत कागदावर बसत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी दवाखान्यांसाठी उपचारांचं मार्गदर्शन ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शनात सांध्यांच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असं म्हटलं आहे. गंमत म्हणजे त्याच संस्थेनं २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ते सुचवलं होतं, २०१६ मध्ये काढून टाकलं, आणि २०२१ मध्ये ज्या जुनाट वेदनेचं दुसरं कारण सापडत नाही तिच्यासाठी विचारात घ्या म्हणून पुन्हा दार किलकिलं केलं. नाइसला सरकारी पैशाचा हिशेब द्यायचा असतो आणि तो त्यांचा बरोबर आहे. माझ्यासमोरच्या तराजूत दुसऱ्या पारड्यात मात्र डायक्लोफिनॅकची पानं, १५६ वरचा रक्तदाब आणि एक दमेकरी छाती आहे. दानपेटीतल्या दहा-वीस रुपयांत ती पानं सुटत असतील तर मी आडवा येत नाही. सांधा बदलायची शस्त्रक्रिया सुचवून ठेवली आहे. त्यावर आक्का "बघू" म्हणतात, आणि आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

सध्या

दसऱ्याला मुकादम येऊन गेला. या वर्षी पोरगा आणि सून गेले, आक्का नातीजवळ राहिल्या. नात सातवीत आहे. तिनं एका चौकटीच्या वहीत रकाने पाडले आहेत: वार, गुडघा आणे, धाप आणे, मीटर, पंप, सुई. दर पंधरवड्याला वही माझ्याकडे येते. रोजच्या पंपापुढे बरोबरची खूण दिसते. दिवाळीत दोन दिवस नाही, तिथे नातीनं "आजी विसरली" असं लिहून ठेवलं आहे. मीटर २४० ते २७० च्या मधे.

मागच्या महिन्यात ताईंच्या घरी कुणाचं तरी आजारपण निघालं आणि तीन रविवार शिबिर बंद होतं. त्या तीन आठवड्यांच्या सुईच्या रकान्यात फुली आहे. गुडघ्याच्या रकान्यात तिन्ही आठवडे सहा आणे, म्हणजे आधी होते तेवढेच.

ताई परत आल्यावर मी वही त्यांना दाखवली. त्या म्हणाल्या, "बघा, मागच्या सुयांचा परिणाम टिकलाय." मी म्हणालो, "मोळी उचलून कितीतरी महिने झाले आणि पाय ताणायचा व्यायाम रोज चालू आहे." आक्का पलीकडे बाकावर मीटरचा काटा शून्यावर आणून पुन्हा फुंकायच्या तयारीत होत्या. त्यांनी दोघांनाही हातानं गप्प केलं, कारण फुंकताना बोललेलं त्यांना चालत नाही.